पडद्यावरचा सेल्समन आणि बाजारातला

विक्री या विषयावर आलेल्या पत्रांत या वेळी सिनेमाचा उल्लेख वारंवार दिसला. तेवढीच पत्रं निवडून इथे एकत्र घेतली आहेत. काही प्रश्न लांबलचक होते, ते थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये हमखास ‘हे पेन मला विकून दाखवा’ असं सांगतात म्हणे. ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’मधलं उत्तर दिलं तर चालेल का? (एमबीएची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नाही चालणार. २०१३च्या त्या सिनेमात नायकाचा मित्र पेन हातात घेतो आणि म्हणतो, या कागदावर तुझं नाव लिही. समोरच्याकडे पेन नाही, म्हणजे गरज तयार झाली. प्रसंग झकास आहे, पण इंटरव्ह्यू घेणाऱ्यानेही तो पाहिलेला असतो आणि तुमच्या आधीच्या दोघांनी त्याला तो करूनही दाखवलेला असतो.

तिथे पाहतात ते एवढंच, की तुम्ही आधी विचारता की आधी बोलता. पेन हातात घ्या आणि चार गोष्टी विचारा. दिवसात हाताने लिहिणं किती होतं? सध्या कोणतं पेन वापरता आणि त्यात काय खटकतं? ते संपतं की हरवतं? आणि पेन तुम्ही स्वतः विकत घेता की ऑफिसातून येतं? चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असं बहुतेक धंद्यांत असतं. समजा उत्तर आलं, ‘सह्याच फार कराव्या लागतात, पेन सारखी हरवतात, स्टेशनरी अ‍ॅडमिन मागवतं.’ मग महागड्या पेनाचं कौतुक करण्यात अर्थ नाही. ‘वीसचा डबा अ‍ॅडमिनला देतो, त्यातली पाच तुमच्या टेबलावर ठेवतो, ऑर्डर कोणाच्या नावाने लिहू?’ इथे थांबा आणि गप्प बसा. ऑर्डर मागितल्यावर पुन्हा बोलायला लागणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक, कारण गिऱ्हाईक मनातल्या मनात हिशेब करत असतं आणि आपणच त्याचा हिशेब मोडतो.

सिनेमाच्या शेवटी नायकाच्या व्याख्यानाला आलेली माणसं तेच पेन विकायला जातात आणि ‘हे पेन फार छान आहे’ असं चाचरत सांगतात, तो भाग मात्र खरा आहे. शाई, पकड, रंग असं गुणवर्णन करत सुटलं की असंच होतं. आणि जाता जाता: ज्या जॉर्डन बेलफोर्टवरून हा नायक बेतला आहे, तो लोकांच्या गळ्यात फालतू शेअर मारल्याबद्दल २२ महिने तुरुंगात होता. नोकरी देताना त्याचाच दाखला का वापरतात, हे कंपन्यांनाच विचारायला हवं.

प्रश्न : मुलाला बिस्किटांच्या स्टॉकिस्टकडे (कंपनीचा माल दुकानांना पुरवणाऱ्याकडे) सेल्समनची नोकरी मिळाली आहे. तो अबोल आहे. सिनेमातले सेल्समन बघितले की वाटतं, याचा निभाव कसा लागणार? (एक वडील, सांगली)

लागेल. कदाचित बोलक्या मुलापेक्षा बरा लागेल. किराणा दुकानात सेल्समनला भाषण करायला कोणी वेळ देत नाही. शेठ एका हाताने साखर जोखत असतो, दुसऱ्या हातात फोन असतो. एका दुकानात सात-आठ मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

कामाची रचना अशी असते. आठवड्याचे सहा बीट, म्हणजे सहा दिवसांचे सहा ठरलेले रस्ते. एका बीटवर साधारण ४० दुकानं. आठ मिनिटांच्या हिशेबाने ४० दुकानांना ३२० मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं, शिवाय गाडीवरचं फिरणं. सकाळी दूध-ब्रेडची गर्दी ओसरेपर्यंत कोणी बोलत नाही आणि दुपारी बऱ्याच गावांत दुकानं बंद असतात. म्हणून साडेनऊला पहिलं दुकान गाठलं नाही तर दिवस हातातून जातो.

दुकानात शिरल्यावरचा क्रम पाठ झाला पाहिजे. आधी मागच्या बिलाची बाकी. मग नजर शेठकडे नव्हे, फळीकडे. आपला माल कुठे आहे, किती उरलाय, पुढे ठेवलाय की डिटर्जंटच्या मागे गेलाय? वाकून सगळ्यात खालची फळी बघायची, कारण जुना माल तिथेच सापडतो. पुडा उलटा करून तारीख वाचायची, जुना पुढे आणि नवा मागे लावून द्यायचा. एवढं झाल्यावर ‘काय देऊ?’ असं विचारायचंच नाही. त्याचं उत्तर ‘काही नको, पुढच्या आठवड्यात ये’ असंच येतं. ‘ग्लुकोज दोन बॉक्स उरलेत, आठवड्याला तुमचे चार उठतात, चार लिहितो’ असं म्हणायचं. गेल्या चार भेटींचा उठाव वहीत किंवा मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये असला की हे वाक्य अबोल मुलगाही म्हणू शकतो. मग स्कीम सांगायची, ऑर्डर वाचून दाखवायची आणि निघायचं.

आता टार्गेट. समजा महिन्याला साडेचार लाख दिलं आहे. ४० पैकी २४ दुकानांत बिल फाटतं आणि सरासरी बिल ७०० रुपयांचं आहे. दिवसाला १६,८०० झाले, २५ दिवसांत ४ लाख २० हजार. कमी पडतात ३० हजार. नवखा पोरगा हे ३० हजार एखाद्या मोठ्या दुकानात काढायला जातो, तिथे हातापाया पडतो, जादा सवलत कबूल करून बसतो. जुना सेल्समन वेगळा हिशेब करतो: महिन्याला ६०० बिलं होतात, प्रत्येक बिलावर ५० रुपयांची एक ओळ वाढवली की ३० हजार जमले. क्रीमचा एक छोटा बॉक्स, टोस्टचे दोन पुडे. सिनेमात हे दाखवता येत नाही, कारण दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

मुलाला एका बाबतीत मात्र आधीच सावध करा. २८ तारखेनंतर वरून फोन सुरू होतात: माल ढकल. ज्या दुकानात महिन्याला पाच बॉक्स जातात तिथे स्कीमच्या नावाखाली वीस उतरवले जातात. म्हणजे चार महिन्यांचा साठा. सहा महिने मुदतीचं बिस्कीट दुकानात येईपर्यंत दोन महिन्यांचं झालेलं असेल तर शेवटचे बॉक्स संपता संपता मुदतच संपते. मग माल परत, कंपनीकडून भरपाई मागण्याचा म्हणजे क्लेमचा घोळ, स्टॉकिस्टची कुरकुर, आणि पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा कोरडा, कारण दुकानात माल पडूनच आहे. टार्गेट पूर्ण दिसतं, पण विक्री झालेलीच नसते, फक्त गोदाम बदललेलं असतं.

उधारीचा नियम सोपा आहे, बिल टू बिल. मागचं चुकतं झाल्यावरच नवा माल. तरीही दोन बिलं थकलीच तर तिसरं मुळीच फाडू नये, शेठ कितीही जुना असो. बुडालेली रक्कम अनेक ठिकाणी सेल्समनच्या पगारातून कापतात, म्हणून नोकरी धरतानाच हे विचारून घ्यावं, जमल्यास लेखी.

प्रश्न : ‘रॉकेट सिंग’ बघून दोघा मित्रांनी संगणक पुरवण्याचा धंदा सुरू करायचं ठरवलं आहे. उत्तम सर्व्हिस दिली की गिऱ्हाईक आपोआप येतं, हे सिनेमात दाखवलंय ते खरं ना? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अर्धं खरं. २००९चा हा सिनेमा हिंदीत विक्रीबद्दल जे काही बनलं त्यात सगळ्यात प्रामाणिक म्हणावा लागेल. त्यात दुरुस्ती करणारा इंजिनीअर, फोन घेणारी रिसेप्शनिस्ट आणि चहा देणारा ऑफिसबॉय यांनाही विक्रीत वाटा आहे, आणि बाजार तसाच चालतो. संगणकाच्या व्यवहारात दुसरी ऑर्डर सेल्समन आणत नाही, ती पहिल्या बिघाडाच्या वेळी तासाभरात पोचलेला इंजिनीअर आणतो.

पण त्यातल्या नायकासारखं नोकरीत राहून मालकाच्याच फोनवरून आणि मालकाच्याच वेळेत आपली कंपनी चालवणं हा सरळसरळ कराराचा भंग आहे. सिनेमाही शेवटी त्याचा हिशेब मागतो, पण बघणाऱ्याच्या लक्षात राहतो तो पहिला भाग. तुम्ही नोकरीत असाल तर आधी राजीनामा द्या आणि नेमणूकपत्रातली स्पर्धेची आणि गोपनीयतेची कलमं वाचा.

उरलेलं अर्धं म्हणजे पैसा. कंपनीला माल देताना चौकशी, तपशील, कोटेशन, तीन कोटेशनांचा तुलना-तक्ता, परचेस ऑर्डर, डिलिव्हरी चलन, इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही, बिल, आणि मग पेमेंट, अशी साखळी असते. सिनेमा परचेस ऑर्डरवर टाळ्या वाजवतो. धंदा बुडतो तो त्याच्या पुढच्या पायऱ्यांवर.

आकडे मांडू. २० संगणक, प्रत्येकी ४० हजार, म्हणजे ८ लाखांची विक्री. तुमची खरेदी ७ लाख ६० हजार, नफा ४० हजार. खरेदीवर १८ टक्के जीएसटी १ लाख ३६ हजार ८००, म्हणजे डीलरला द्यायचे ८ लाख ९६ हजार ८००. ही रक्कम महिना दीड टक्क्याने उचलली असेल तर महिन्याचं व्याज १३,४५२ रुपये. गिऱ्हाईकाने तीन महिने पैसे लटकवले की व्याज ४०,३५६. नफा संपला, वर ३५६ रुपये खिशातून. इंजिनीअरचा पगार आणि पेट्रोल अजून धरलेलंच नाही. शिवाय बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या विवरणात भरावा लागतो, गिऱ्हाईकाने पैसे दिलेत की नाहीत हे तिथे कोणी विचारत नाही.

लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. पण उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असली तरी निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला त्या नोंदणीचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच मिळतो, उशिराच्या पेमेंटचं संरक्षण मिळत नाही. तेव्हा त्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा ३० ते ५० टक्के आगाऊ घ्या, निदान पहिल्या तीन ऑर्डरींना. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सहीबरोबर तारीख आणि शिक्का घ्या, कारण ‘मशीन अजून तपासायचं आहे’ हे पेमेंट अडवण्याचं सगळ्यात जुनं कारण आहे. बिल कोणाकडे पोचलं आणि चेक कोण काढतो, ही दोन नावं ऑर्डरच्या दिवशीच लिहून घ्या. खरेदी खात्याशी दोस्ती सगळेच करतात, अकाउंट्समधल्या माणसाला मात्र कोणी दिवाळीला फोनही करत नाही.

प्रश्न : त्याच सिनेमात गिऱ्हाईक कंपनीचा खरेदी अधिकारी कमिशन मागतो आणि नायक त्या कंपनीच्याच तक्रारपेटीत चिठ्ठी टाकतो. असं करावं का? (वाचक, नाशिक)

तसं नको, म्हणजे एकट्याने आणि चिठ्ठीने नको. सिनेमातही त्याला त्याचा फटकाच बसतो. आधी आपल्या वरिष्ठाला ईमेलवर कळवा: कोणी, कधी, काय मागितलं. मग तक्रार तुमच्या कंपनीतर्फे त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊ द्या. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळा पत्ता असतो.

समोर सरकारी नोकर असेल तर गोष्ट वेगळी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. पैसे देण्याआधी फोन केलेला उत्तम.

प्रश्न : ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’मध्ये प्लॉट विकणाऱ्यांना दम भरतात, पहिला येईल त्याला गाडी, दुसऱ्याला सुऱ्यांचा संच, तिसऱ्याला नारळ. पुण्यात फ्लॅट बघायला गेलो तेव्हा साइटवरची पोरं तशीच मागे लागली. ‘आजच टोकन द्या, उद्या रेट वाढणार.’ यात तथ्य किती? (वाचक, पिंपरी)

अ‍ॅलेक बाल्डविन या नटाच्या तोंडचा तो दम, सिनेमा ज्यावरून घेतला त्या डेव्हिड मॅमेटच्या नाटकात नाहीच, १९९२च्या सिनेमासाठी मॅमेटने तो नव्याने लिहिला. पण दबाव खरा आहे. साइटवरच्या मुलाचा इन्सेंटिव्ह महिनाअखेरच्या बुकिंगवर ठरतो आणि तुम्ही शनिवारी टोकन न देता घरी गेलात तर रविवारी दुसऱ्या साइटवर असाल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ‘आजच’. रेट कधी कधी खरंच वाढतो, पण एका रात्रीत तुमच्यासाठी नव्हे. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत तर घासाघीस करायला तुमची बाजू त्याच्यापेक्षा भक्कम असते.

टोकनआधी लेखी कॉस्ट शीट मागा. पुण्यात बांधकाम चालू असलेल्या ६० लाखांच्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार (खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का कमी), नोंदणी ३० हजार. साडेसात लाख तर इथेच वाढले. पार्किंग आणि देखभालीची आगाऊ रक्कम यात नाही. ‘सगळं धरून’ असं कोणी तोंडी म्हणालं तर हेच आकडे त्याच्याकडून कागदावर घ्या. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा किती तेच विचारा.

रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १३प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, म्हणजे या उदाहरणात ६ लाख. १ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. समोरचा बोलत असतानाच तो स्कॅन करा आणि ताबा देण्याची नोंदवलेली तारीख तोंडी सांगितलेल्या तारखेशी ताडून बघा. या एका कृतीने समोरच्याचा आवाज बराच खाली येतो. मध्ये एजंट असेल तर त्याचाही महारेरा (महाराष्ट्रातलं रेरा प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागायचा.

प्रश्न : ‘द परस्यूट ऑफ हॅपिनेस’मध्ये नायक दिवसभर फोन करून गिऱ्हाईकं मिळवतो. मी म्युच्युअल फंड वितरक आहे. अशी यादी घेऊन फोन करता येतात का? (वाचक, सोलापूर)

१९८१च्या सॅन फ्रान्सिस्कोत करता येत होते. त्या नायकाच्या दोन युक्त्या आजही शिकण्यासारख्या आहेत: दोन फोनांच्या मध्ये रिसीव्हर खाली न ठेवणं, त्यातून तो दिवसाची आठ मिनिटं वाचवतो, आणि यादी खालून वर न चढता थेट निर्णय घेणाऱ्या माणसाला गाठणं.

आज मात्र संमतीशिवाय साध्या मोबाईल नंबरवरून धंद्याचे फोन लावत सुटणं नियमात बसत नाही. जाहिरातीच्या फोनसाठी १४०ने सुरू होणारी मालिका आहे, त्यासाठी दूरसंचार कंपनीकडे नोंदणी लागते. समोरच्याने १९०९वर तक्रार केली तर तुमचा नंबर बंद होऊ शकतो. तक्रारीची मुदत २०२५पासून तीनऐवजी सात दिवस झाली आहे. विकत मिळणाऱ्या नंबरांच्या याद्यांवर पैसे घालवू नका. जुन्या गुंतवणूकदाराला वर्षातून दोनदा भेटून, त्याच्या परवानगीने त्याच्या ओळखीतल्या दोघांना फोन करणं, वितरकांचा धंदा बहुतकरून असाच वाढतो.

प्रश्न : विक्रीवरचा सगळ्यात खरा सिनेमा कोणता? आणि दारावर येणाऱ्यांशी आम्ही गृहिणींनी कसं वागावं? (वाचक, ठाणे)

पहिल्याचं उत्तर ‘सेल्समन’, १९६९चा, मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा अमेरिकन माहितीपट. चार माणसं दारोदार बायबल विकतात. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, आणि घरं सगळी बेताच्या कमाईची. चर्चमध्ये बायकांनी सहज नाव लिहून दिलेलं असतं, ती कार्डं घेऊन हे दारात उभे राहतात आणि बोलण्याचा सूर असा, जणू चर्चनेच पाठवलंय. गिऱ्हाईक म्हणतं, नवऱ्याला विचारते. सेल्समन म्हणतो, हप्त्याने घ्या. रात्री मोटेलच्या खोलीत कोणाची किती विक्री झाली याची मोजदाद. एकाची विक्री मंदावत जाते आणि त्याचा चेहरा पडत जातो. कोणी जादूगार नाही, कोणी खलनायकही नाही.

त्या कार्डांची युक्ती आजही चालू आहे. मॉलमध्ये ‘लकी ड्रॉ’च्या पेटीत टाकलेली चिठ्ठी, सोसायटीच्या कार्यक्रमात भरलेला फॉर्म. माणूस दारात येतो तेव्हा त्याला तुमचं नाव, मुलाची इयत्ता आणि गाडीसुद्धा ठाऊक असते, म्हणून तो ओळखीचा वाटतो. ‘माझं नाव कुठून मिळालं?’ हा पहिला प्रश्न विचारा.

थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांना २०२१चे ग्राहक संरक्षण नियम लागू आहेत. त्यांचा विक्रेता ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय घरी येऊ शकत नाही. दारावर रोख देऊ नका. शेजारणीने घेतलंय असं सांगितलं तर शेजारणीला तिथल्या तिथे फोन करा, राग येणारा येऊ दे. वॉटर प्युरिफायरसारख्या वस्तूत किमतीआधी दर वर्षीच्या फिल्टरचा आणि सर्व्हिसचा खर्च विचारा. पाच वर्षांत तो कधी कधी यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो आणि दारावरच्या बोलण्यात तो येत नाही.

जीवन विम्याची पॉलिसी गळ्यात पडली असेल तर घाबरू नका. ३० दिवसांच्या आत लेखी कळवून ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकीचे पैसे मिळतात. एजंट ‘महिनाभर थांबा, बोनस लागेल’ म्हणाला तर नेमकं थांबू नका. मुदत पॉलिसीचा दस्तऐवज हाती पडल्यापासून मोजायची, ईमेलवर आला असेल तर ती तारीख धरून, आणि पत्र शाखेत दिल्यावर पोच घ्यायची.